अल्बानियात छोट्या घरगुती रेस्टॉरंटमध्ये काय मागवावं? बायको शाकाहारी आहे, जमेल का?

जमेल, आणि युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा बरं जमेल. मात्र "व्हेजिटेरियन आहे" एवढं इंग्रजीत सांगून मोकळं होऊ नका, तेवढ्यावर भागत नाही. ते कसं, ते खाली सांगते.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सप्टेंबरअखेरीस तुम्ही दोघं तिराना आणि बेरातला जाताय. मोठ्या हॉटेलात न जेवता घरच्या माणसांनी चालवलेल्या लहान जागा शोधायच्या आहेत. तुम्हाला सगळं चालतं, बायको शाकाहारी आहे पण अंडं खाते, आणि नेटवरचे मेनू वाचून डोकं चक्रावलंय.

आम्ही दक्षिण इटलीत बारीला राहतो. इथून रात्रीची बोट पकडली की सकाळी दुर्रेसला उतरता येतं, त्यामुळे जोडून सुट्टी आली की आमची गाडी तिकडेच वळते. मी स्वतः सगळं खाते. पण सासूबाई इकडे आल्या की त्याही सोबत असतात. त्या माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. तेव्हा तुमच्या बायकोपेक्षा अवघड गिऱ्हाईक घेऊन मी या देशात जेवले आहे.

सगळ्यात आधी मेनूकार्ड बाजूला ठेवा. लहान जागी कार्ड असलं तरी त्यातलं निम्मं त्या दिवशी केलेलं नसतं, आणि उरलेल्या निम्म्यात पिझ्झा, पास्ता, रिझोट्टो असतात. समोर समुद्रापलीकडे इटली, आणि हुकूमशाहीच्या काळात लोक चोरून इटालियन टीव्ही बघायचे, त्यामुळे हे सगळं तिथे मुरलंय. मी इटलीत राहते म्हणून नाक मुरडत नाही, पण पास्ता खायला अल्बानियात जाऊ नका. विचारायचं एवढंच, आज काय शिजवलंय? "च्फार केनी सोत?" असं म्हटलंत तरी चालेल. बहुतेक ठिकाणी उत्तर तोंडी मिळत नाही, तुम्हाला सरळ आत नेऊन भांड्यांवरची झाकणं उचलून दाखवतात. लाजू नका, जा. तिथे ते अजिबात वावगं नाही.

जागांचे प्रकार कळले की अर्धं काम होतं. "जेलतोरे" म्हणजे रस्सा-भाजीची खाणावळ: काचेच्या मागे स्टीलचे ट्रे, बोट दाखवायचं, ताटलीत वाढून मिळतं. "झगारा" म्हणजे कोळशावर मांस भाजणारे. "ब्युरेकतोरे"त फक्त ब्युरेक मिळतो, म्हणजे पातळ पाऱ्यांचे थर आणि मध्ये सारण. आणि "तावेर्ना" असं लिहिलेलं असेल तिथे बसून निवांत जेवायचं, बहुतेकदा नवरा बाहेर, बायको आत, मुलगा किंवा मुलगी वाढायला. १९९०-९१ पर्यंत त्या देशात खाजगी धंदाच नव्हता, सगळं सरकारी. त्यामुळे या जागा चालवणारी ही पहिली नाहीतर दुसरी पिढी. जेवणही म्हणूनच घरचं राहिलंय.

वेळ पाळा. जेलतोरेतलं जेवण सकाळी शिजतं आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत चांगलं चांगलं संपतं. संध्याकाळी सातला गेलात तर ट्रेच्या तळाशी राहिलेलं, पुन्हा गरम केलेलं मिळेल. म्हणून शाकाहारी माणसाचं मुख्य जेवण दुपारी, जेलतोरेत. रात्री तावेर्ना. हा एकच नियम पाळलात तरी तुमची सहल सोपी होईल.

आता पदार्थ. एकच निवडायचा झाला तर फर्गेस. तिरानाचा पदार्थ आहे आणि तुमच्या सप्टेंबरात तो ऐन भरात असतो, कारण लाल-हिरव्या गोड मिरच्यांचा तोच हंगाम. मिरच्या भाजून सालं काढायची, टोमॅटो आटवायचे, त्यात "जीझ" घालायचं. जीझ म्हणजे मऊ, रवाळ, किंचित खारट आणि आंबूस असं ताजं चीज. मग हे सगळं मातीच्या लहान भांड्यात घालून भट्टीत. टेबलावर येतं तेव्हा कडेने अजून बुडबुडे फुटत असतात, वर नारिंगी तेलाचा तवंग असतो, आणि मधोमध चमचा घातला की आतून पांढरं जीझ वर येतं. पहिली दोन मिनिटं हात लावू नका, जीभ भाजते. मग पावाचा तुकडा तोडून त्याने खायचं, चमच्याने नाही. नवीन जागी मी आधी हेच मागवते. मिरचीची सालं न काढता कॅनमधला टोमॅटो ओतलेला असेल तर बाकीचं जेवणही तसंच असणार हे ओळखायचं आणि कॉफी पिऊन उठायचं. पण एक सावधगिरी: फर्गेस यकृत घालूनही करतात, आणि काही ठिकाणी तेच आधी डोळ्यांसमोर येतं. म्हणून मागवतानाच "पा मिश" म्हणायचं, म्हणजे मांसाशिवाय. हे दोन शब्द बायकोला पाठ करायला लावा.

तुमच्यासाठी ताव कोसी. हा एल्बसान गावचा पदार्थ, पण आता देशभर मिळतो. मेंढीच्या कोकराचं मांस आधी शिजवून घेतात, तळाशी थोडे तांदूळ, आणि वरून दही-अंड्यांचं मिश्रण ओतून भट्टीत भाजतात. दही फुटत नाही, कारण लोण्यावर परतलेला मैदा त्यात असतो. आपण कढीला बेसन लावतो तीच युक्ती. वरची साय तपकिरी आणि फुगलेली हवी. कापल्यावर आतला थर थरथरला पाहिजे, पाणी सुटलेलं असेल तर ते सकाळचं पुन्हा गरम केलेलं आहे. स्वस्त जागी कोकराऐवजी कोंबडी घालतात. तेही वाईट लागत नाही, पण मग ते वेगळंच काहीतरी होतं. पहिल्यांदा खाताना अनेकांना फिकं वाटतं, कारण मसाला म्हणून मीठ-मिरीपलीकडे फारसं काही नसतं. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा खिशातून चिवड्याची पुडी काढून वर भुरभुरवली होती. मालकीणबाईंनी त्या पुडीचा वास घेतला, थोडं चाखलं, आणि पुढे जेवण होईस्तोवर त्या आमच्याच टेबलाशी होत्या.

शाकाहारी माणसाला खरा धोका मांसाच्या तुकड्यांचा नसतो, तो दिसतोच. धोका असतो मांसाच्या पाण्याचा. भात बघायला पांढरा, साधा, पण तो बऱ्याचदा मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. पांढऱ्या घेवड्याची उसळ, "फासुले", ही त्यांची गरिबाघरची रोजची गोष्ट, फार चविष्ट; पण हिवाळ्यात त्यात वाळवलेल्या मांसाचा तुकडा टाकायची पद्धत आहे. भोपळी मिरची भरलेली असते तेव्हा आत नुसता भात की भात आणि खिमा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. भेंडी तिथे मिळते, "बामिये" म्हणतात, आणि बघून तुम्हाला भरून येईल, पण तीही मांसाबरोबर शिजवलेली असू शकते. आणि सगळ्यात कहर म्हणजे "काबुनी" नावाचा गोड भात. मनुका, साखर, दालचिनी, वरून अगदी निरागस, आणि पारंपरिक कृतीत तो मेंढीच्या मांसाच्या पाण्यात शिजतो. तेव्हा दुसरा शब्द: "लङ्ग मिशी", म्हणजे मांसाचं पाणी. "पा मिश, पा लङ्ग मिशी" असं दोन्ही म्हटलं की काम होतं. तुमच्या बायकोला चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध गोठवायचं विरजण, चालत नसेल तर मात्र अडचण आहे, कारण गावठी चीज जनावराच्या रेनेटनेच लावतात आणि त्यावर कोणी काही करू शकत नाही.

याच बाबतीत मानेचा घोळ समजून घ्या. अल्बानियन माणसं, विशेषतः वयस्कर, "हो" म्हणताना मान आडवी हलवतात आणि "नाही" म्हणताना वर उचलतात. तिरानात पझारी इ री म्हणजे नव्या बाजाराच्या मागे एका जेलतोरेत सासूबाई काचेवर बोट ठेवून ठणठणीत मराठीत विचारत होत्या, "यात मटण नाही ना?" पलीकडच्या बाई हसून मान आडवी हलवत होत्या. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "नाही म्हणतेय, घे." मी इटालियनमध्ये "कार्ने?" विचारलं, तशी बाई अजून जोरात मान हलवत म्हणाल्या, "पो, पो!" पो म्हणजे हो. त्यात खिमा होता. मग बाईंनी स्वतःच डाव फिरवून दुसऱ्या ट्रेकडे बोट केलं, वांगी-बटाटे-टोमॅटोची भट्टीतली भाजी होती, आणि "यो मिश, यो मिश" म्हणत सासूबाईंचा हात धरून त्यांना ती वासाने पटवली. त्यानंतर सासूबाई मान बघेनात, तोंडाकडे बघायला लागल्या. तुम्हीही तेच करा: "पो" म्हणजे हो, "यो" म्हणजे नाही, मानेवर विश्वास नको. तरुण पोरं परदेशी माणसाशी बोलताना आपल्यासारखीच मान हलवतात, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो.

निर्धोक पदार्थ भरपूर आहेत. पालकाचा, जीझचा किंवा कांदा-टोमॅटोचा ब्युरेक. सकाळचा नाश्ता त्यावरच भागवा. भट्टीत भाजलेलं पांढरं चीज. कांदा-टोमॅटो-लसूण भरून तेलात मुरवलेलं वांगं, ज्याला तुर्कांसारखंच इमाम बायल्दी म्हणतात. भाजलेल्या भाज्या, पण त्या झगारात मांसाच्याच जाळीवर भाजतात, चालत नसेल तर आधी सांगा. टोमॅटो-काकडीची कोशिंबीर, जिच्यावर ऑलिव्ह आणि चीज असतं. सप्टेंबरातल्या टोमॅटोला तिथे खरंच टोमॅटोची चव असते. दही-काकडी-लसणाचं "तारातोर". लोणच्यातली कोबी आणि मिरच्या. बेरातहून पुढे जिरोकास्तरला जाणार असाल तर "चिफ्ची" चुकवू नका. भात, अंडं आणि पुदिन्याचे गोळे, खास गोलाकार खळग्यांच्या तव्यात तळलेले. ते त्या गावाबाहेर सहसा धड मिळत नाहीत.

तुमच्या बाजूने अजून दोन गोष्टी. "चोफ्ते" म्हणजे भाजलेले खिम्याचे लांबट गोळे, झगारातलं सगळ्यात स्वस्त आणि बहुतेकदा सगळ्यात चांगलं. पण ते प्रामुख्याने गोमांसाचे असतात. "विच" हा शब्द दिसला की गाय-वासरू समजा, "चेंज" म्हणजे कोकरू, "पुल" कोंबडी, "डेर" डुक्कर. देश बहुसंख्येने मुस्लीम परंपरेचा असला तरी डुक्कर आणि दारू दोन्ही उघडपणे मिळतात, म्हणून नुसत्या अंदाजावर जाऊ नका. सकाळी एखाद्या जागी बाप्ये मंडळी वाफाळत्या वाडग्यावर लसणाचं व्हिनेगर ओतून खाताना दिसतील. ती "पाचे", म्हणजे मुंडी नाहीतर वजडीचं सूप. आपल्याकडे पाया-वजडी आवडीने खाणाऱ्यांना आवडेल. मला आवडतं, ह्यांना नाही.

पाव न मागता येतो आणि भरपूर येतो. काही ठिकाणी बिलात त्याचे थोडे पैसे धरतात, त्यावर वाद घालू नका. दोघांत दोन भाज्या, एक मांसाचा पदार्थ आणि एक कोशिंबीर पुष्कळ होते. तिथे वाढप मोठं असतं आणि पदार्थ मध्ये ठेवून वाटून खातात. प्यायला "धाल्ल" मागा, ते खारं ताकच आहे, ब्युरेकबरोबर तर हवंच. पाणी बाटलीतलं घ्या, तिराना शहरात स्थानिक लोकही नळाचं सहसा पीत नाहीत.

राकीचा विषय येणारच. द्राक्षांची, कधी तुतीची, घरी गाळलेली, आणि मालक स्वतः आणून ठेवेल. जेवणानंतर नव्हे, बहुतेकदा आधीच. ती घोट-घोट प्यायची असते, एका दमात नाही, आणि सोबत चीज-ऑलिव्ह खात राहायचं. पीत नसाल तर छातीवर हात ठेवून "यो, फालेमिंदेरीत" म्हणा, कोणी वाईट मानत नाही. पण फळांची ताटली आली तर नको म्हणू नका. सप्टेंबरात अंजिरं आणि द्राक्षं असतात, आणि ती सहसा बिलात नसतात.

पैशांचं. तिथलं चलन लेक, आणि त्याचा भाव सध्या साधारण रुपयाइतकाच आहे, त्यामुळे हिशोब डोक्यात करायला सोपा. ब्युरेकचा तुकडा शंभर लेकच्या आसपास, जेलतोरेत दोघांचं पोटभर जेवण हजार-दीड हजारात, तावेर्नात मांस आणि वाइनसकट अडीच-तीन हजारांपर्यंत. रोख बाळगा, लहान जागी कार्ड चालेलच असं नाही. आणि घाबरू नका असं एक प्रकरण: १९६५ मध्ये तिथे चलनातून एक शून्य काढलं, दहा जुन्या लेकचा एक नवा लेक झाला. पण बोलताना लोक अजून जुन्याच लेकमध्ये बोलतात. म्हणून जेवण झाल्यावर म्हातारा मालक "पंधरा हजार" म्हणाला तर तो दीड हजार म्हणतोय. तो फसवत नाहीये, पण तुम्ही खरंच पंधरा हजार काढून दिलेत तर तो मोहात पडणार नाही याची हमी कोण देणार? कागदावर लिहून मागा. टिप सक्तीची नाही. वरचे सुटे ठेवले किंवा दहा टक्क्यांच्या आत काही दिलं की पुरे.

फसवणूक होते का, असंही तुम्ही विचारलंय. आतल्या गल्ल्यांत मला कधी जाणवली नाही. क्सामिल-सारांदाच्या किनाऱ्यावर मात्र भाव लावताना पर्यटकाचं तोंड बघतात, आणि फर्गेसच्या नावाखाली काहीही येतं. तिथे गेलातच तर तुम्ही बुत्रिंतच्या सरोवरातले शिंपले खा आणि बाकीचं सोडा. बायकोची तिथे उपासमार होईल.

बेरातला मंगालेम आणि गोरित्सा अशा ओसुम नदीच्या दोन्ही काठांवर जुन्या वस्त्या आहेत; २००८ पासून ते गाव जागतिक वारसा यादीत आहे. किल्ल्यात अजून लोक राहतात, आणि काही घरांच्या अंगणात चार-पाच टेबलं टाकून जेवण देतात. तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर फार फरक पडतो. "उद्या दुपारी दोघं, एक पा मिश" एवढं सांगा. अशा घरात सांगून केलेला ब्युरेक आणि दुकानातला ब्युरेक यांची तुलना होत नाही, कारण घरी पारी हाताने लाटलेली असते आणि दुकानात ती यंत्राची असते.

भारतीय म्हटलं की कोणीतरी "नने तेरेझा" म्हणणारच. मदर तेरेसांचा जन्म १९१० मध्ये आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्येला अल्बानियन घरात झाला, तुम्ही तिरानात उतरणार तो विमानतळही त्यांच्याच नावाचा आहे. गप्पा तिथून सुरू होतात. मग तुमची मुलं किती, पगार किती, इतके लांब का आलात, सगळं विचारतील. आपल्याला हे नवीन नाही.

गोड खायचं तर सुल्त्याश, थंड तांदळाची खीर, वर दालचिनी. ट्रिलेचे सगळीकडे दिसेल, दुधात भिजवलेला केक, पण तो मूळचा तिकडचा नाही आणि मला अति गोड लागतो. पर्मेतचा "ग्लिको" दिसला तर मागा: कोवळे अक्रोड किंवा अंजिरं साखरेच्या पाकात मुरवलेली, छोट्या बशीत एक, सोबत पाण्याचा ग्लास. आणि कॉफी त्याच जागी घेऊ नका, पैसे देऊन उठा आणि समोरच्या कॅफेत जाऊन बसा. तिथले लोकही तसंच करतात, आणि एका कॉफीवर तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही.

बेरातला कुठे उतरणार ते लिहा. किल्ल्याच्या बाजूला असाल तर दुपारचं जेवण वर घ्या, भर उन्हात खाली उतरून पुन्हा तो चढ चढायची हौस कोणाला राहत नाही.